तळाच्या चार बाटल्या

४ सप्टेंबर

ताई,

तुझा पत्ता आईकडून घेतला. तिने तो सहज दिला नाही. "कशाला हवाय?" असं तीनदा विचारलं आणि मी तिन्ही वेळा "कामासाठी" म्हटलं. फोन तू उचलणार नाहीस, म्हणून पत्र. हे खरोखरच कामाचं पत्र आहे, तेव्हा वाचताना मनात दुसरं काही आणू नकोस.

मी आपल्याच कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवते, हे आईने सांगितलं असेल. नोकरी कायम व्हायची आहे, डिसेंबरात होईल. या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या चौदा जणांना तलावावर न्यायचं आहे. नमुने घ्यायचे, तपासायचे, अहवाल लिहायचा. अहवालाची एक प्रत पाणी खात्याला जाते. तिथे ती कोणी उघडत असेल असं वाटत नाही, पण जाते.

मला तळाचं पाणी हवं आहे, सगळ्यात खोल जागेचं. खात्याच्या नकाशावर ती जागा जिथे दाखवली आहे तिथे ती नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. खात्यात असताना तू काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून होडी थांबवायचीस. त्या खुणा कोणत्या, हे मला माहीत नाही. त्या दिवशी मी तुझ्यासमोर बसले होते, पण दोर माझ्या हातात होता आणि माझं लक्ष दोरावरच्या गाठींकडे होतं. तुझ्या वहीत हे सगळं असणार. वही खात्याने जमा करून घेतली होती. ती तुला परत मिळाली का, हेही मला माहीत नाही.

आई बरी आहे. एक गुडघा दुखतो, दोन्ही दुखतात असं सांगते. खातं अजून तळाच्याच झडपेतून पाणी उचलतं, त्यामुळे नळाला या दिवसांत तांबूस पाणी येतं. आई ते बादलीत निवळायला ठेवते आणि वरचं वरचं घेते.

लिहायचं नसेल तर नकाशावर नुसती फुली मारलीस तरी चालेल. नकाशा आणि तिकीट लावलेलं कोरं पाकीट सोबत आहे. खाली नाव लिहीत नाही, अक्षर ओळखशील.


१३ सप्टेंबर

ताई,

तुझी फुली आली नाही. काल आम्ही तिच्याशिवाय जाऊन आलो.

काय काय झालं ते लिहिते, कारण इथे ज्याला सांगावं असं कोणी नाही आणि ज्यांना सांगते ते "मुलं आहेत, चालायचंच" म्हणतात. मुलं नाहीत. वीस वर्षांची माणसं आहेत.

जंतू तपासायच्या बाटल्या निर्जंतुक केलेल्या असतात, त्या विसळायच्या नाहीत. बाकीच्या तलावाच्याच पाण्याने तीनदा विसळायच्या. हे मी वर्गात दोनदा सांगितलं, बसमध्ये एकदा आणि काठावर एकदा. त्यांनी निर्जंतुक बाटल्या अगदी मन लावून विसळल्या आणि बाकीच्यांना पाणीही दाखवलं नाही. ऑक्सिजन मोजायचं यंत्र विभागप्रमुखांनी स्वतः आणून दिलं होतं. "अगदी नवंकोरं आहे, जपून वापरा." नवंकोरं होतंच. चार वर्षं खोक्यातून बाहेर निघालं नव्हतं. टोकाचा पडदा वाळून तडकला होता. म्हणजे पुन्हा बाटल्या, रसायनं आणि थेंब थेंब मोजायचं टायट्रेशन. सुदैवाने मी ते सामान बरोबर घेतलं होतं. त्यांच्या नवंकोरेपणाचा मला अनुभव आहे.

विभागप्रमुख तेच आहेत. खात्याने तुझ्या चौकशीत तज्ज्ञ म्हणून ज्यांना बोलावलं होतं, ते.

तलावाचा पहारेकरीही तोच आहे, दाढी पांढरी झाली आहे. त्याने मला ओळखलं.

"बाई, तुमच्याबरोबर त्या दुसऱ्या असायच्या, त्या कुठं असतात?"

"बाहेरगावी."

"त्या ओरडायच्या नाहीत."

"मीही ओरडत नाही."

"आत्ता ओरडलात की. तिकडच्या काठाची बदकं उडाली."

मी वळून पाहिलं. बदकं उडाली होती.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे शंकासूर म्हणतात. ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी हात वर करते. होडीत बसतानाही तिने हात वर केला आणि होडी कलंडता कलंडता राहिली. पण काम चोख करते. तिला समजावलं की बाटलीत दोन रसायनं घातली की साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो, मुळीच नसेल तर पांढराच राहतो. नेमका आकडा टायट्रेशनने मिळतो, पण आहे की नाही, ते डोळ्यांनी तिथल्या तिथे कळतं. म्हणून बाटलीत हवेचा एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. हे मी बुडबुड्याचं दिवसभरात किती वेळा सांगितलं असेल, मोजलं नाही.

नकाशावरच्या जागी दोर नऊ मीटरवर टेकला. साका तपकिरी, सगळ्या बाटल्यांत.

"मॅडम, तळ इथेच आहे का?"

"दोर टेकला."

"दोर तिकडे सोडला तरी टेकेलच ना कुठेतरी."

ती बरोबर बोलत होती, म्हणून मला जास्त राग आला.

परत आल्यावर विभागप्रमुखांच्या कपाटात जुन्या अहवालाची प्रत शोधली. वाटलं, त्यात तरी जागा लिहिलेली असेल. नव्हती. तुझ्याबद्दलचा त्यांचा अभिप्राय होता, एक पान. "तळाच्या चार बाटल्या. वहीत ऑक्सिजन शून्य. प्रत्यक्ष मोजणीत दोन ते साडेतीन. वहीतील आकडा मोजणीच्या आदल्या दिवशीच लिहिलेला असल्याने तो मनाने घातला आहे असे मानावे लागते." खाली सही. त्या एका पानावर तळाशी ऑक्सिजन नाही म्हणून तिथली झडप बंद करायची तुझी सूचना बाद झाली आणि तूही. आई अजून लोकांना सांगते की तिने राजीनामा दिला, तिला कोणी काढलं नाही. ते खरंच आहे.

माझं यावर काही म्हणणं नाही. मला फक्त जागा हवी आहे.


१९ सप्टेंबर

ताई,

पाकीट मिळालं. "प्रिय" नाही, "तू कशी आहेस" नाही, नाव नाही. एका बाजूला नकाशा, फुली, आणि दुसऱ्या बाजूला तुझ्या अक्षरात चार ओळी. मी त्या पाठ केल्या आहेत, पण लिहून काढते, म्हणजे मला त्या नीट समजल्या का ते तुला कळेल.

"पंपघराची चिमणी उंच टाकीमागे पूर्ण लपली पाहिजे. डावीकडे घाटाचा शेवटचा दिवा आणि सुकं झाड एका रेषेत. साडेअठरा मीटर. दोर भिजल्यावर आखडतो, आधी भिजवून मग गाठी मोज, तू कधी भिजवायची नाहीस. बूच बसवलं की बूच आणि बाटलीची मान दोन्हींवरून मेणाच्या पेन्सिलीने एक रेघ ओढ."

दोराचं वाचून मला राग आला. आठ वर्षांनी चार ओळी लिहायच्या आणि त्यातली एक टोमण्यात घालवायची. तरी मी दोर रात्रभर भिजत ठेवला. सकाळी मोजला, अठरा मीटरला अर्ध्या मीटरचा फरक. तू बरोबर होतीस.

सुकं झाड आता नाही. त्याचा बुंधा आहे, पहारेकऱ्याने त्यावर बसायला फळी ठोकली आहे. शेवटच्या दिव्याची रेषा त्या फळीवरून धरली. चिमणी टाकीमागे गेली, दोर सोडला आणि तो सुटतच राहिला. साडेअठरा. होडीत मी, शंकासूर आणि वल्ही मारायला पहारेकरी. दोरावरून वजन सोडलं, खाली नमुना घ्यायच्या पात्राची झाकणं बंद झाल्याचा धक्का हाताला बसला. हाताला तो धक्का आठवत होता.

पात्र वर आलं तेव्हाच वास आला. पहारेकरी नाक धरून म्हणाला, "हे आम्ही पितो?"

शंकासूरने चार बाटल्या भरल्या. एकही बुडबुडा नाही, मी प्रत्येक बाटली उलटी करून पाहिली. रसायनं घातली, बुचं बसवली, हलवलं. तिने एक बाटली उजेडात धरली.

"मॅडम, हे पांढरं आहे."

"हो."

"म्हणजे शून्य?"

"हो."

"मग लिहू? टायट्रेशनच्या आधी?"

मी म्हटलं, "साका पांढरा, असं लिही. आकडा उद्या."

तू आकडा लिहिला होतास. वही माझ्यासमोर धरली होतीस, आणि मी मान हलवली होती. पांढरा साका मीही पाहिला होता. हे मला चौकशीत कोणी विचारलं नाही, हे खरं आहे. मी आपण होऊन सांगितलं नाही, हेही.

रेघा ओढल्या. लाल पेन्सिल. तू तेव्हाही ओढायचीस, मला आता आठवलं. मला वाटायचं, टापटीप म्हणून. शंकासूरने अर्थातच विचारलं की कशाला, मी म्हटलं, सांगितलंय तेवढं कर. परतायला उशीर झाला. बाटल्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या कपाटात ठेवल्या आहेत, टायट्रेशन उद्या सकाळी.


२० सप्टेंबर

ताई,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. दोन्ही एकदम मिळतील.

सकाळी साडेसातला पोचले तर प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. शंकासूर आत होती. तिला काल रात्री शंका आली म्हणून ती सातलाच आली होती. टेबलावर चार बाटल्या. चारही तपकिरी. दोन फिक्या, दोन गडद.

मी आधी बाटल्यांच्या मानांकडे पाहिलं. लाल रेघ बुचावर एकीकडे आणि मानेवर दुसरीकडे. चारही बाटल्यांची.

"उघडल्यास?"

"बुडबुडे आले होते मॅडम. रात्री गारठा पडला, पाणी आकसलं असणार, बुचाखाली एवढाले बुडबुडे. तुम्ही म्हणाला होतात, एकही नको. म्हणून मी बुचं काढून शुद्ध पाणी भरलं, पुन्हा लावली, नीट हलवलं."

तिला वाटत होतं मी शाबासकी देईन. मी इतकी ओरडले की शेजारच्या प्रयोगशाळेतले दोघं दारात येऊन उभे राहिले. मी तिला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. बंद बाटलीत मागाहून आलेला बुडबुडा फारसं बिघडवत नाही. उघडून, हवा घेऊन, हलवलं, की संपलं. पांढऱ्याचं तपकिरी होतं आणि शून्याचे दोन, अडीच, साडेतीन होतात. बाटलीगणिक वेगळे, कारण प्रत्येक बाटलीत हवा किती शिरली, ते वेगळं. ती रडली नाही. तिने फक्त हात वर केला.

"पण तुम्हीच म्हणाला होतात, बुडबुडा नको."

मी बाहेर जाऊन जिन्यावर बसले.

ताई, त्या वर्षी मी सुट्टीतलं प्रशिक्षण म्हणून तुझ्याबरोबर यायचे. त्या सकाळी तुझ्याआधी मी प्रयोगशाळेत पोचले होते. पेटी उघडली, चार बाटल्यांत बुचाखाली बुडबुडे दिसले. तू आल्यावर चिडशील, सगळी मेहनत वाया गेली म्हणशील, असं वाटलं. मी बुचं काढली, शुद्ध पाणी भरलं, पुन्हा बसवली आणि हलवली. हे सगळं मी काळजीने केलं. रंग बदललेला दिसला, पण मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. वाटलं, उजेडाने असेल.

चौकशीत विभागप्रमुखांनी विचारलं, "बाटल्यांना मध्ये कोणी हात लावला होता का?" मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. मी नाही म्हटलं. हात लावला म्हणजे बिघडवलं, असं मला वाटत होतं, आणि मी तर नीट केलं होतं. शिवाय प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र त्यांच्याच सहीने मिळणार होतं. दोन्ही कारणं खरी आहेत, पण कोणतं आधी मनात आलं ते मी आता सांगू शकत नाही.

तिथपर्यंत मी अज्ञानी होते असं म्हणता येईल. पण सहा महिन्यांनी हाच प्रयोग आम्हाला शिकवला आणि फळ्यावर लिहिलं, "बूच उघडू नये, कारण." त्या कारणाखालच्या दोन ओळी मी वहीत उतरवून घेतल्या आणि त्या तासाला मला सगळं कळलं. तू तेव्हा याच गावात होतीस. महिनाभराने गेलीस. आईने तुझ्या सामानाला दोरी बांधली, ती गाठ मारताना मी दोरीवर बोट धरलं. मी काही बोलले नाही. ते अज्ञान नव्हतं.

सकाळपासून मात्र मी वेगळ्याच गोष्टीपाशी अडून बसले आहे. मला शंकासूरची करामत एका नजरेत कळली, कारण रेघा जुळत नव्हत्या. तूही रेघा ओढल्या होत्यास. म्हणजे त्या सकाळी बाटल्या हातात घेतल्या त्याच क्षणी तुला कळलं होतं. पेटीची किल्ली दोघींकडेच होती. तू माझ्याकडे पाहिलंस, मला आठवतं, मी म्हटलं, "काय झालं?" आणि तू म्हणालीस, "काही नाही, ब्युरेट धू."

तुला माहीत होतं. चौकशीत मी नाही म्हटलं तेव्हाही. मग मला आठ वर्षं हे एकटीला का वागवू दिलंस, असा राग मला आत्ता येतो आहे. तो अन्यायाचा आहे हे कळतं, तरी येतो आहे.

क्षमा कर असं म्हणत नाही. तो शब्द मोठा आहे आणि मला वापरता येत नाही.


३ ऑक्टोबर

ताई,

दोन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. मी वाट पाहते आहे असं नाही, नोंद करते आहे.

विभागप्रमुखांना शंकासूरचं प्रकरण शेजाऱ्यांकडून कळलं. त्यांनी बोलावलं, चहा मागवला.

"अहो, त्यात काय एवढं? लिहा, विद्यार्थिनीच्या हातून नमुन्यात हवा शिरली, तळाची मोजणी ग्राह्य नाही. संपला विषय."

"साका पांढरा होता. मी पाहिला."

"पाहण्यावर अहवाल चालत नाहीत. हे मी पूर्वीही कोणालातरी सांगितलं होतं." मग त्यांना आठवलं असावं की कोणाला, कारण त्यांनी चहा ढवळायला घेतला. त्यात साखर नव्हती.

"सर, मला पुन्हा जायचं आहे."

"बस मिळणार नाही. बघू या पुढच्या वर्षी."

बस नव्हती, म्हणून गेल्या रविवारी आम्ही आपापल्या सायकलींवर गेलो. चौदापैकी नऊ जण आले, शंकासूर सगळ्यांच्या आधी. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तुझी चूक नव्हती. बुडबुड्याचं मी अर्धंच सांगितलं होतं. आणि हीच चूक मी एकदा केली होती, तुझ्याच वयाची असताना." तिने विचारलं, "मग तुम्हाला कोण ओरडलं?" मी म्हटलं, "कोणीच नाही. तेच वाईट झालं."

या वेळी काहीही कॉलेजात नेलं नाही. आम्ल, ब्युरेट, स्टँड, सगळं घाटाच्या पायरीवर मांडलं. साका पांढरा. आम्ल घातलं, पाणी स्वच्छ झालं. स्टार्च घातला, निळं झालं नाही. मोजायलाच काही नव्हतं, ब्युरेटमधला एक थेंबही लागला नाही. नऊ जणांनी पाहिलं, नऊ जणांनी सह्या केल्या. पहारेकऱ्यानेही केली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, "मी रोज हे पाणी पितो, माझी पण घ्या," म्हणाला.

"झालं तर मग," शंकासूर म्हणाली. "हा अहवाल दिला की झालं."

झालं असतं. आजचं शून्य लिहून मी मोकळी होऊ शकते. तुझ्या शून्याबद्दल कोणी विचारणार नाही. पण विभागप्रमुखांचं ते एक पान कपाटात तसंच राहील, आणि आठ वर्षांपूर्वी त्या बाईंनी आकडा मनाने घातला होता, हेही राहील. म्हणून निवेदन लिहायला घेतलं आहे. पाणी खात्याला आणि विभागप्रमुखांना, दोघांनाही. मी तळाच्या चार बाटल्या उघडल्या, चौकशीत खोटं सांगितलं, सहा महिन्यांनी कळल्यावरही गप्प बसले. मसुदा सोबत पाठवते. वाक्यं कमी केली आहेत. बाजू मांडल्यासारखं कुठे वाटत असेल तर सांग, खोडीन.


११ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र काल आलं. मसुद्याच्याच मागे लिहिलेलं. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आईने "काय म्हणते?" विचारलं म्हणून मोठ्याने वाचलं.

"आकडा चुकला आहे. बाटल्या सहा होत्या. दोन पेटीच्या खालच्या खणात होत्या, त्या तुला दिसल्या नाहीत. त्यांच्या रेघा जुळत होत्या. तू ब्युरेट धुऊन घरी गेल्यावर मी त्या मोजल्या. दोन्ही शून्य. निवेदनात सहा लिही. बाकी ठीक आहे."

आई म्हणाली, "म्हणजे काय?"

मी तिला सांगितलं. आधी माझं सांगितलं, बुचांचं, मग तुझं. ती बराच वेळ गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, "दाखवायच्या होत्या ना तिने त्या दोन."

दाखवल्या असत्यास तर बाकीच्या चार कोणी उघडल्या असा पुढचा प्रश्न आला असता, आणि किल्ली दोघींकडेच होती. हे आईला सांगायची वेळ आली नाही. तिला ते वाक्य बोलता बोलताच कळलं. ती उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती.

तू स्वतःला वाचवू शकत होतीस, आणि त्यासाठी फक्त दोन बाटल्या टेबलावर ठेवायच्या होत्या. तू थांबलीस. मी आपण होऊन सांगेन म्हणून थांबलीस, हे मी गृहीत धरते आहे, तू लिहिलेलं नाहीस. आणि मी सामानाची दोरी धरून उभी राहिले. मला या गोष्टीचा इतका संताप येतो की तो कोणावर काढावा हे ठरत नाही. तुझ्यावर थोडा आहे. आठ वर्षांनी माणूस काहीतरी लिहितं, तू आकडा दुरुस्त करून पाठवलास.

सहा लिहिलं. त्या दोन बाटल्यांबद्दल तुझं वाक्य तुझ्याच शब्दांत घातलं, तुझ्या पत्राची प्रत जोडली. नऊ विद्यार्थ्यांचा अहवाल वर लावला. आज सकाळी खात्यात दिलं. खिडकीतल्या माणसाने न वाचता शिक्का मारायला घेतला, मी म्हटलं, "पानं मोजा." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मोजली. अकरा. मग शिक्का.

विभागप्रमुखांनी मात्र पूर्ण वाचलं, माझ्यासमोर. चष्मा काढला, पुसला.

"आठ वर्षांपूर्वीचं आता कोण विचारतंय?"

"कोणी नाही. म्हणून मी लिहिलं."

"याच्यात माझ्या अभिप्रायाचा उल्लेख आहे."

"तुम्हाला जे दाखवलं त्यावर तुम्ही लिहिलंत. पण एकाच वेळी भरलेल्या बाटल्यांत एवढा फरक का, हे विचारायला हवं होतं, सर. एकाच पात्रातलं पाणी होतं."

चष्मा पुन्हा चढवून ते म्हणाले, डिसेंबरचं आता आपण बघू या. त्यांच्या बघू या म्हणण्याचा अर्थ इथे सगळ्यांना माहीत आहे. तलावाची सहलही पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाकडे जाईल. मी शंकासूरला तुझ्या चार ओळी उतरवून दिल्या आहेत, दोर भिजवण्यासकट. त्या कोणाच्या आहेत तेही तिला सांगितलं. तिने विचारलं, "त्या परत येतील का?" तिला मी पहिल्यांदा "माहीत नाही" असं उत्तर दिलं.

मलाही हे विचारायचं आहे, पण विचारत नाही. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, ते खरं निघालं. एवढं कळवते.

आतल्या लहान पाकिटात निवेदनाची प्रत आहे, पोचेच्या शिक्क्यासकट. पाकिटाची घडी चिकटवून तिच्या जोडावरून लाल पेन्सिलीने रेघ ओढली आहे. उघडायच्या आधी ती जुळते का बघ. नाही जुळली, तर वाटेत कोणीतरी पाकीट उघडलं आहे. या वेळी मी नाही.

धाकटी